मधली इयत्ता

परभाषेच्या अभ्यासात आरंभीच्या दिवसांचे सुख वेगळे आणि पारंगतांचे वैभव वेगळे. परंतु या दोहोंच्या मध्ये जो दीर्घ, सपाट आणि बहुधा अवर्णितच राहिलेला प्रदेश पसरलेला असतो, त्यात विद्यार्थ्याचा सर्वांत अधिक काळ जातो, आणि माझ्या मते भाषेची खरी ओळखही तेथेच पटते. पहिल्या सत्रात प्रत्येक नवे वाक्य ही मिळकत असते. पाव मागता आला, गाडीची वेळ विचारता आली, शेजारणीला आपले नाव-गाव सांगता आले, की दिवस सार्थकी लागला असे वाटते. मधल्या इयत्तेत हा रोजचा जमाखर्च बंद होतो. वृत्तपत्रातला अग्रलेख समजतो, पण त्याचा रोख कोणावर आहे ते उमगत नाही. वर्गात मत मांडता येते, परंतु मांडलेले मत मनातल्या मताहून नेहमीच थोडे भोळे, थोडे ठोकळेबाज निघते. आणि मायबोलीत चार माणसांत ज्याच्या शब्दाला किंमत असते, अशा प्रौढ माणसाला येथे दिवसाचा बराचसा भाग ऐकण्यात घालवावा लागतो. ही अवस्था पुष्कळांना असह्य होते व ते अभ्यास सोडतात. मला मात्र ती हळूहळू प्रिय होत गेली, आणि का होत गेली याचे कारण मला इटालियन भाषेच्याच इतिहासात सापडले.

इटालियनच्या या मधल्या इयत्तेत मी पेरूजा येथे दाखल झाले. उंब्रिया प्रांताच्या या डोंगरी राजधानीत खास परकीयांसाठी स्थापन झालेले विद्यापीठ आहे. आस्तोर्रे लुपात्तेल्ली नावाच्या येथल्याच एका वकिलाने १९२१ साली इटलीचा इतिहास, कला आणि विचार यांची ओळख परदेशी लोकांना व्हावी म्हणून व्याख्यानांचे वर्ग सुरू केले, आणि १९२५ साली राजाज्ञेने त्यांना विद्यापीठाची सनद मिळाली. अठराव्या शतकात आंतिनोरी घराण्याने बांधलेल्या आणि आता गाल्लेंगा स्टुअर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाड्यात हे वर्ग भरतात. वाड्याच्या दारातून बाहेर पडताच समोर एत्रुस्कन लोकांची प्रचंड वेस उभी दिसते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या त्या घडीव दगडांवर पुढे रोमनांनी आपल्या सम्राटाच्या पदवीसह शहराचे नाव लॅटिनमध्ये कोरले. ज्यांनी वेस बांधली त्यांची भाषा निराळी होती. शहराच्या पुराणवस्तुसंग्रहालयात १८२२ साली सापडलेला एक शिलास्तंभ ठेवला आहे, त्यावर एत्रुस्कन लिपीत शेचाळीस ओळी आहेत. त्यांतले प्रत्येक अक्षर विद्वानांना वाचता येते, पण अर्थाचा बराच भाग अद्याप वादग्रस्त आहे. मी त्या स्तंभासमोर पुष्कळदा उभी राहिले आहे. ज्या गावात एकेकाळी घरोघरी बोलली जाणारी भाषा आज कोणालाच पुरती कळत नाही, जेथे तिच्यावर लॅटिन आली, लॅटिनमधून येथली बोली निपजली, आणि त्या बोलीवर फार उशिरा इटालियन आली, त्या गावात परक्या माणसाला आपल्या परकेपणाचा संकोच वाटण्याचे खरोखर कारण नाही, असे मला तेथे वाटू लागले.

व्याकरणाच्या बाबतीत मराठी माणसाला येथे एक अनपेक्षित सवलत मिळते. आमच्या वर्गात इंग्लंड, जपान, ब्राझील, युक्रेन अशा नाना देशांची मंडळी आहेत, आणि आवडीनिवडी सांगण्याची साधी वाक्ये त्यांतल्या कित्येकांना अद्याप अवघड जातात. कारण या भाषेत आवडणारी वस्तू कर्त्याच्या आसनावर बसते, क्रियापद तिच्या वचनाप्रमाणे चालते, आणि ज्याला आवडते तो माणूस चतुर्थी विभक्तीत बाजूला उभा राहतो. 'मला आंबे आवडतात' म्हणत लहानाचे मोठे झालेल्यांना यात शिकण्यासारखे काय आहे? भूतकाळातही तसेच. येणे-जाणे यांसारख्या क्रियापदांचे रूप कर्त्याच्या लिंगावर ठरते, म्हणून बाई गेली आणि पुरुष गेला हे क्रियापदातच कळते. आणि सकर्मक क्रियापदाच्या आधी कर्मवाचक सर्वनाम आले, की क्रियापदाचे रूप त्या कर्माप्रमाणे फिरते, म्हणजे चिठ्ठी असेल तर लिहिली आणि कागद असेल तर लिहिला. दामल्यांनी १९११ साली आपल्या शास्त्रीय मराठी व्याकरणात प्रयोगांची जी चिकित्सा केली आहे, ती वाचलेल्या माणसाला पेरूजाच्या वर्गात जुना परिचित भेटल्याचा आनंद होतो.

या आनंदाला जुनी परंपराही आहे. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा बहुश्रुत व्यापारी १५८३ साली कोचीनला उतरला, पुढे गोव्यात राहिला आणि १५८८ साली तेथेच वारला. मिरीच्या खरेदीचे हिशेब पाहता पाहता त्याने या देशातल्या पंडितांची भाषा कानांवर पडू दिली, आणि देव, सर्प हे शब्द व सहा, सात, आठ, नऊ हे अंक आपल्या भाषेतल्या शब्दांशी जुळतात, असे मायदेशी पत्रातून कळवले. कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली हेच साम्य शास्त्रीय भूमिकेवरून मांडले, त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. सास्सेत्तीला संस्कृत फारशी येत नव्हती. त्याचीही इयत्ता मधलीच असावी, किंवा त्याहून खालची; पण साम्य दिसण्यास तेवढी पुरली.

सवलत संपते ती क्रियापदाच्या एका विशिष्ट अर्थापाशी. इटालियनमध्ये त्याला कोंजुन्तीव्हो म्हणतात. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असे म्हणताना क्रियापदाचे रूप एक. ती तशी असावी असे वाटते, तशी व्हावी अशी इच्छा आहे, तशी असेल अशी भीती आहे, असे म्हणताना रूप दुसरे. मराठीत विध्यर्थ आहे, संकेतार्थ आहे, आणि 'वेळ असता तर वाचले असते' या घडणीची इटालियन वाक्ये आम्हांला फारशी छळत नाहीत. परंतु 'मला वाटते, तो आजारी आहे' या वाक्यातल्या 'आहे'लाही वेगळे रूप द्यावे लागावे, हे मराठी मनाला नवे आहे. आमच्या अध्यापिकेचा या बाबतीत शिरस्ता कडक आहे. एकदा बाहेरून येऊन वसणाऱ्या लोकांविषयी वर्गात चर्चा चालू असता एक ब्राझीलचा तरुण 'मला वाटते की' एवढे म्हणून थांबला. त्याचे रूप तयार नव्हते. बाईंनी त्याला सुचवले नाही. सर्व वर्ग थांबला. आणि त्या विरामात त्या तरुणाने वाक्यच बदलले, ज्याबद्दल त्याला माहिती होती तेवढेच निश्चयार्थात सांगितले आणि उरलेले सोडून दिले. ओघवत्या बोलण्यात आपण ज्ञान आणि समजूत यांची जी सरमिसळ करतो, ती या भाषेच्या दाराशी आल्यावर वेगळी करून दाखवावी लागते, म्हणजे जणू नाक्यावर मालाची झडती होते. ज्याला भाषा सहज येते तो हे न थांबता करतो. मधल्या इयत्तेतल्या माणसाला थांबावे लागते, आणि थांबल्यामुळे त्याला आपल्या मनातला माल दिसतो. हा लाभ मला लहान वाटत नाही.

यापुढे भूतकाळाचा प्रश्न येतो. घडून गेलेली व वर्तमानाशी संबंध तुटलेली गोष्ट सांगण्यासाठी इटालियनमध्ये एक स्वतंत्र काळ आहे, त्याची रूपे अनियमित व पाठ करण्यास कठीण असतात, आणि कथा-कादंबऱ्यांतून त्याची गाठ पावलोपावली पडते. पुस्तकातला नियम स्वच्छ आहे. व्यवहार तसा नाही. उत्तरेकडचे लोक बोलताना हा काळ जवळजवळ वापरतच नाहीत, वीस वर्षांपूर्वीची हकिकतही ते निकटच्या भूतकाळात सांगतात. सिसिलीचा माणूस आज सकाळी काय झाले तेही दूरच्या भूतकाळात सांगून मोकळा होतो. आणि पुस्तकातला नियम पाळला जातो तो मुख्यतः तोस्काना प्रांताच्या आसपास. आमच्या वर्गाला शिकवणाऱ्यांत एक बाई उत्तरेच्या व एक गृहस्थ दक्षिणेचे आहेत. दोघांचे इटालियन निर्दोष, दोघांचा भूतकाळ निराळा. खरे कोणाचे, असा प्रश्न एका जपानी विद्यार्थिनीने अत्यंत विनयाने विचारला, तेव्हा दक्षिणेच्या गृहस्थांनी जे उत्तर दिले, ते माझ्या दृष्टीने त्या सत्राचे सार होय. ते म्हणाले, की त्यांच्या आजोबांना ही भाषा येत नव्हती.

इटली एक राष्ट्र म्हणून १८६१ साली अस्तित्वात आले. तुल्लिओ दे माउरो या भाषापंडिताने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा अदमास मांडला, की त्या वेळी इटालियन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण शेकडा अडीचच्या आसपास होते. पुढे आरिगो कास्तेल्लानी यांनी तोस्काना व रोमकडच्या लोकांना हिशेबात धरून तो आकडा शेकडा दहाच्या जवळ नेला. कोणताही घेतला तरी निष्पत्ती एकच: दहांतील नऊ माणसांना त्यांच्या नव्या राष्ट्राची भाषा शिकावी लागणार होती. ती तोवर मुख्यतः ग्रंथांची भाषा होती. पेत्रार्क व बोकाच्चो या चौदाव्या शतकातल्या तोस्कानी लेखकांचे लेखन प्रमाण धरून पिएत्रो बेम्बो या व्हेनिसच्या पंडिताने १५२५ साली तिचे नियम बांधले, फ्लोरेन्सच्या क्रुस्का अकादमीने १६१२ साली तिचा कोश छापला, आणि शतकानुशतके ती लिहिणारी माणसे घरी नेपोलितानी, व्हेनेशियन, पिएमोंतेसे बोलत राहिली. राष्ट्राचा शिल्पकार म्हणून ज्याचा गौरव होतो त्या काव्हूरची कलम इटालियनपेक्षा फ्रेंचमध्ये अधिक सहज चाले.

मानझोनीची गोष्ट तर कोणाही विद्यार्थ्याने उराशी बाळगावी अशी आहे. 'इ प्रोमेस्सी स्पोझी' ही त्याची कादंबरी १८२७ साली पुरी प्रसिद्ध झाली आणि गाजली. लेखक मिलानचा, घरची बोली मिलानी, संस्कार फ्रेंच, आणि इटालियन बव्हंशी पुस्तकांतून मिळवलेली. कीर्ती शिखरावर असताना हा माणूस फ्लोरेन्सला गेला, तेथल्या सुशिक्षितांचे बोलणे ऐकत राहिला, आणि पुढे वर्षानुवर्षे आपली कादंबरी वाक्यावाक्याने पुन्हा लिहीत बसला. याला इटलीत फ्लोरेन्सच्या आर्नो नदीत कपडे खंगाळणे म्हणतात. नवी आवृत्ती १८४० ते १८४२ या काळात निघाली. मुलांना शिकवणारी एमिलिया लूती नावाची फ्लोरेन्सची एक बाई त्याला सल्ला देत असे. जो लेखक साऱ्या देशाने डोक्यावर घेतला होता, तो एका शिक्षिकेला विचारी, की हे तुमच्या घरी कसे म्हणतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी दोन्ही आवृत्त्या समोरासमोर ठेवून काही प्रकरणे वाचली. पहिलीतली जड, ग्रंथाळ सर्वनामे दुसरीत गेलेली असतात आणि त्यांच्या जागी लोकांच्या तोंडची आलेली असतात, लांबवलेले क्रियापद आखूड होते, अलंकार गळतात. कथानक तेच, पात्रे तीच. एवढ्या मोठ्या लेखकाचे शिकणे असे उघड्यावर पाहावयास मिळणे दुर्मीळ असते, आणि माझ्या इयत्तेच्या वाचकालाच ते विशेष दिसते, कारण ज्या जागी त्याने बदल केला नेमक्या त्याच जागी माझेही बोट अडखळत असते.

सामान्य माणसांचे शिक्षण याहून हळू झाले. शाळा आल्या, सक्तीची लष्करी नोकरी आली, शहरांकडे जाणारी गर्दी आली. फॅसिस्ट राजवटीने १९३८ साली आदरार्थी सर्वनामावरच गदा आणली आणि 'लेइ'ऐवजी 'व्होइ' म्हणावे असा हुकूम सोडला. राजवट गेली, 'लेइ' राहिले. अक्षरओळख न झालेल्या प्रौढांसाठी आल्बेर्तो मानझी या शिक्षकाने १९६० ते १९६८ या काळात सरकारी दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी धडे दिले. काळ्या कोळशाच्या कांडीने मोठ्या कागदावर तो एक चित्र काढी, त्याखाली शब्द लिही, आणि खेडोपाडीच्या सार्वजनिक दालनांत जमलेली माणसे तो शब्द गिरवीत. मी जेथे राहते त्या घराच्या मालकीणबाईंनी मला त्यांच्या आईची वही दाखवली. आई शेतमजूर होती. तिने चाळिशीनंतर या धड्यांवर लिहिणे शिकून घेतले. वहीच्या पहिल्या पानांवर नुसत्या उभ्या रेघा आहेत. मग अक्षरे. मग एका पानावर वरपासून खालपर्यंत तिची सही आहे, ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीत अक्षरांचा कल किंचित बदललेला, कारण पुढच्या आठवड्यात तिला एका करारनाम्यावर सही करावयाची होती आणि अंगठा उठवण्याची तिची इच्छा नव्हती. मालकीणबाई ती वही कपाटात देवाच्या पुस्तकांजवळ ठेवतात. बहिणीशी त्या दूरध्वनीवर शब्दांचे शेवट गाळणारी येथली बोली बोलतात आणि माझ्याकडे वळल्या की शाळेतल्या बाकावर बसल्याप्रमाणे ताठ इटालियन बोलू लागतात. प्रथम मला वाटे, की हे माझ्या अज्ञानासाठी आहे. आता मला कळते, की ही भाषा त्यांनाही शाळेतच मिळाली.

बार्बियाना या डोंगरातल्या वस्तीवर डॉन लोरेन्झो मिलानी नावाच्या पाद्र्याने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली, आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले शिक्षिकेस पत्र १९६७ साली प्रसिद्ध झाले. परीक्षेत मुलांना नापास करून घरी पाठवणाऱ्या शाळेवर त्यात जो आरोप ठेवला आहे, त्याचे मूळ भाषेत आहे: ज्यांच्या घरी ग्रंथांची भाषा बोलली जाते ती मुले पुढे जातात, आणि ज्यांच्या घरी बोली आहे त्यांना मठ्ठ ठरवले जाते. हे पत्र आम्हांला या सत्रात नेमले आहे. ते वाचताना मी पेरूजातून अलिबागेकडच्या माझ्या आजोळी गेले. आमची आजी 'मला' म्हणत नसे, 'मना' म्हणे. आणि शाळेत तसे म्हटले की गुरुजी पाटीवर रूप लिहून घेत. पुस्तकातली मराठी माझ्या कित्येक मैत्रिणींना त्यांच्या घरातूनच मिळाली होती. मला ती इयत्तेमागून इयत्ता चढून मिळवावी लागली, आणि ती जेव्हा माझी झाली तेव्हा ती मला कोणाहूनही कमी प्रिय झाली नाही. जन्माने मिळालेली तेवढीच भाषा आपली, ही समजूत मी त्या पत्राच्या पानांत कायमची सोडली. इटालियनच्या घरी मी पाहुणी नाही. ज्या रांगेत मानझोनी होता, मालकीणबाईंची आई होती, बार्बियानाची मुले होती, त्याच रांगेत मी उशिरा येऊन उभी राहिले आहे.

वसंत ऋतूत एका रविवारी मी पेरूजाच्या उत्तरेस तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने या गावी गेले. दुसऱ्या महायुद्धात या खोऱ्यात मराठा पलटणी लढल्या. त्यांतला नाईक यशवंत घाडगे आमच्याच, त्या वेळी कुलाबा म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यातला, माणगाव तालुक्यातला. १० जुलै १९४४ रोजी यंत्रबंदुकीच्या माऱ्यात त्याच्या तुकडीतले इतर सर्व जण मृत वा जखमी झाले, तेव्हा तो एकटा धावून गेला, हातबाँबने बंदूक बंद पाडली, काडतुसे भरण्यास सवड नव्हती म्हणून शत्रूच्या उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले, आणि दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेथेच पडला. त्याचे वय बावीस होते. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली मोंतोनेच्या लोकांनी त्याचे स्मारक उभारले. ते एक सूर्यघटिका आहे.

तेथे एक वृद्ध गृहस्थ बाकावर बसले होते. मी कोठून आले ते कळल्यावर ते उठून उभे राहिले आणि युद्धाची हकिकत सांगू लागले. ती त्यांची स्वतःची नव्हती, आईकडून ऐकलेली होती, आणि त्यांनी ती दूरच्या भूतकाळात, अनियमित रूपांसह, एकेक वाक्य पुरे करून सांगितली: खोऱ्यातली माणसे तळघरांत कशी राहिली, सैनिक कसे आले, त्यांच्याशी बोलता कसे येत नव्हते. मी विचारले, की त्यांच्या आईला ते सैनिक कोणत्या देशाचे आहेत हे कळले असेल का. आणि वाक्य पुरे झाल्यावर ध्यानात आले, की ते ज्या रूपांनी बांधले होते ती मी आठवून वापरली नव्हती, ती आपोआप आली होती. त्यांनी डोके हलवले. मग तेच मला विचारू लागले, की घाडगे कोणती भाषा बोलत असेल. मी सांगितले, की त्या वेळच्या हिंदी फौजेत शिपायांना रोमन लिपीतून हिंदुस्थानी शिकवली जाई, म्हणजे हुकूम त्या भाषेत; शाळेत गेला असेल तर पुस्तकी मराठी; आणि घरी कोकणातल्या खेड्याची बोली. म्हणजे आमच्यासारखेच, असे ते म्हणाले. त्याची आई त्याला जेवायला कशी हाक मारीत असेल, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी माझ्या आजीच्या बोलीत ती हाक त्यांना म्हणून दाखवली. त्यांनी ती दोनदा घोळवली आणि मग मोंतोनेच्या बोलीत त्यांच्या आईची हाक मला म्हणून दाखवली, जी मला मुळीच कळली नाही आणि त्यांनी इटालियनमध्ये समजावून दिली. शेवटची बस निघून गेली होती, म्हणून त्यांनी मला आपल्या मोटारीतून उम्बेर्तिदेच्या स्थानकावर आणून सोडले; आणि वाटेत शेतांची, झाडांची, अवजारांची नावे ते आधी बोलीत, मग इटालियनमध्ये सांगत होते आणि माझ्याकडून दोन्ही म्हणवून घेत होते.